धक्क्यावर ठणठणीत, खडपावर बंद: छोट्या बोटीचं मशीन अर्ध्या तासाने का मरतं?

गरवायला जाणाऱ्यांची एक तक्रार दर हंगामात नव्याने ऐकू येते. धक्क्यावर दोरी ओढली की दुसऱ्या झटक्याला मशीन सुरू. खाडीतून बाहेर पडेपर्यंत आवाज एकसारखा. मग मोकळ्या समुद्रात थ्रॉटल पूर्ण उघडतो, वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि आवाज हळूहळू खाली बसतो. दोन-तीन उचक्या, आणि मशीन बंद. दहा मिनिटं शिव्या घालून पुन्हा दोरी ओढली की सुरू होतं, तेवढाच वेळ चालतं आणि पुन्हा मरतं. परत येऊन मेकॅनिककडे दिलं तर तो पाण्याच्या पिंपात तासभर चालवून दाखवतो, "काही झालेलं नाही" म्हणतो आणि कार्बोरेटर साफ केल्याचे पैसे घेतो. पुढच्या रविवारी तीच रड.

हे लिहितोय ते पंधरा-वीस फुटी फायबरच्या बोटी, मागे टांगलेलं ५ ते ४० हॉर्सपॉवरचं पेट्रोल आउटबोर्ड आणि हातात धरून नेता येणारी वीस-पंचवीस लिटरची सुटी टाकी, अशा मंडळींसाठी. डिझेलवाल्यांचं दुखणं वेगळं, त्याचा इथे संबंध नाही.

मेकॅनिक खोटं बोलत नसतो, हे आधी मान्य करू. पिंपात मशीन जवळजवळ रिकामंच फिरतं. १५ हॉर्सपॉवरचं दोन-स्ट्रोक मशीन मंद चालीवर तासाला लिटरभरही पेट्रोल पीत नाही. तेच मशीन तीन माणसं, बर्फाची पेटी आणि समोरून येणारी लाट घेऊन पूर्ण थ्रॉटलवर धावतं तेव्हा तासाला सहा-सात लिटर मागतं. अर्धवट बुजलेली नळी लिटरभर सहज देते, सहा लिटर देऊ शकत नाही. म्हणून हा दोष पिंपात दिसायचाच नाही. तो समुद्रातच पकडावा लागतो, आणि तोही मशीन बंद पडल्यावरच्या पहिल्या दोन मिनिटांत. नेमकी हीच दोन मिनिटं बहुतेक जण चोक ओढून दोरीला झटके देण्यात घालवतात. त्यात प्लग ओला होतो, आणि मूळ दोष काय होता हे सांगणारी खूण पुसली जाते.

माझं मत असं, की बऱ्याच वेळा दोष मशीनमध्ये नसतोच. तो टाकीच्या झाकणापासून मशीनच्या कनेक्टरपर्यंतच्या दोन मीटरांत असतो. तिथे कोणी बघत नाही, कारण तिथे उघडण्यासारखं काही नाही आणि म्हणून मजुरीही नाही.

आधी नांगर

मशीन बंद पडलं की पहिलं काम कव्हर उघडणं नव्हे, नांगर टाकणं. मासा खडपाजवळ असतो म्हणून आपणही खडपाजवळच असतो. सकाळी मतलई वारा बाहेर ढकलतो तोवर निवांत वाटतं, पण दुपारी खारा वारा सुटला की तोच बोटीला खडपावर नेतो. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत असतील तर तिथे बंद पडलेली बोट आडवी व्हायला वेळ लागत नाही. नांगर नाळेवरून, म्हणजे पुढून टाका. मागून टाकलात तर लाट थेट मशीनच्या बाजूने आत येते. दोरी खोलीच्या पाच ते सातपट सोडा. दहा मीटर पाण्यात पंधरा मीटर दोरी सोडून नांगर धरत नाही म्हणणाऱ्यांना काय सांगावं! सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट आहे ना ते बघा, आणि मगच मागे वळा.

बंद पडलं कसं, आणि बल्ब काय म्हणतो

दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली, मशीन कसं मेलं? बटण दाबल्यासारखं एका क्षणात गप्प झालं असेल तर संशय विजेवर. आवाज बसत गेला, गचके खाल्ले, क्षणभर उसळी मारून मग मेलं, तर संशय पेट्रोलवर.

दुसरी गोष्ट प्रायमर बल्ब, म्हणजे टाकी आणि मशीन यांच्या मधल्या नळीवरचा हाताने दाबायचा रबरी फुगा. त्याच्या दोन्ही टोकांना पेट्रोल एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा असतात, आणि अंगावरचा बाण मशीनकडे असायला हवा. नवी नळी स्वतः जोडणाऱ्यांकडून हा बाण उलटा लागलेला सापडतो, म्हणून आधी तेवढं तपासा. चालू मशीनमध्ये बल्ब दगडासारखा टणक नसतो, थोडा मऊच असतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मशीन मेल्या मेल्या, काहीही दाबायच्या आधी, त्याच्याकडे नुसतं बघा. चपटा झालाय का? नसेल तर दाबून बघा. दाबत राहूनही मऊच राहतो का? की एक-दोन दाबांत टणक होतो? या तिघांची उत्तरं वेगवेगळी आहेत.

बल्ब चपटा झालेला

पोट आत ओढल्यासारखा बल्ब चपटा दिसत असेल तर मशीन पेट्रोल मागतंय आणि मागून ते येत नाही. अडथळा बल्बच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे.

सर्वांत आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. टाकी गाडीतून नेताना वास येऊ नये, सांडू नये म्हणून तो बंद करतात, आणि समुद्रात तो उघडायचा राहून जातो. पेट्रोल बाहेर जातं, त्याच्या जागी हवा आत येत नाही, टाकीत निर्वात तयार होतो आणि एका टप्प्यानंतर मशीनच्या पंपाला ती ओढ सहन होत नाही. यातली एक खूण फार कामाची आहे: टाकी काठोकाठ भरलेली असेल तर मशीन लवकर मरतं, अर्धी असेल तर उशिरा. भरलेल्या टाकीत वरची हवा जेमतेम लिटर-दोन लिटर असते, त्यामुळे लिटरभर पेट्रोल गेलं तरी दाब झपाट्याने उतरतो. अर्ध्या टाकीत वर दहा लिटर हवा असते, तिला लिटरभराचं काही वाटत नाही. "निघताना टाकी फुल केली की त्रास होतो, कमी पेट्रोल घेतलं तर होत नाही" असं कोणी सांगितलं की लोक हसतात. त्या माणसाचं म्हणणं अगदी बरोबर असतं.

खात्री करायची तर झाकण हळू सैल करा. 'फुस्स' करून हवा आत ओढली गेली, बल्ब पुन्हा फुगला आणि मशीन लगेच सुरू झालं, तर रोग सापडला. स्क्रू उघडाच होता आणि तरीही फुस्स झालं तर त्याचं भोक मीठ आणि ग्रीसने बुजलंय. बारीक तार फिरवा, गोड्या पाण्याने धुवा, वाळवा.

नव्या पद्धतीच्या काही टाक्यांना स्क्रूच नसतो. हवा आपोआप आत घेणारी आणि वाफ आत कोंडून ठेवणारी झडप असते. उन्हात अशी टाकी फुग्यासारखी टम्म होते आणि उलटा त्रास देते. नळी जोडल्याबरोबर दाबाखालचं पेट्रोल मशीनमध्ये घुसतं आणि ते ओलं होऊन बसतं. अशी टाकी जोडण्याआधी झाकण सैल करून दाब सोडा. विडी-सिगारेट अर्थातच लांब. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचून राहते. टाकी भरायची तीही बोटीबाहेर, धक्क्यावर ठेवून.

हवा ठीक असेल तर नळीवरून हात फिरवत जा. बर्फाच्या पेटीखाली दबलेली नळी हे इतकं साधं कारण आहे की कोणी मान्यच करत नाही. लाट बसली की पेटी सरकते, नळीवर चढते आणि मशीन मरतं. बोट स्थिर झाली, कोणी पेटी हलवली, की सुरू! त्यानंतर टाकीतल्या शोषनळीच्या टोकाची जाळी. ती बाहेर काढून बघा. जुन्या टाकीत तिच्यावर शेवाळासारखा तपकिरी लगदा चढलेला असतो.

आणि सर्वांत लबाड दोष म्हणजे आतून सुटलेली नळी. बाहेरून काळी, चकचकीत, नवी दिसते. आत मात्र अस्तराचा पापुद्रा सुटून लोंबत असतो. पेट्रोल हळू वाहतं तोवर तो पडून राहतो, जोरात ओढ लागली की उठून वाट अडवतो, आणि मशीन बंद झालं की पुन्हा खाली बसतो. फुंकून बघितलं तर नळी मोकळी. कापून बघितल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून जुनी, कुठलीशी, वय माहीत नसलेली नळी तपासत बसू नका, बदला. इथेनॉलच्या पेट्रोलला टिकणारी, मशीनच्या पुस्तिकेत दिलेल्या आतल्या व्यासाची घ्या. मोटारसायकलच्या दुकानातली बारीक पेट्रोल नळी 'तात्पुरती' म्हणून लावली जाते आणि तीन वर्षं तशीच राहते. ५ हॉर्सपॉवरला ती एक वेळ चालेल, २५ ला नाही.

बल्ब मऊच राहणारा

आकार ठीक आहे, पण दाबत राहिलं तरी टणक होत नाही, किंवा वीस-तीस दाबांनंतर कसाबसा होतो. पेट्रोलबरोबर कुठून तरी हवा येतेय. (टाकीत पेट्रोल आहे ना, हे बघून घ्या. हसू नका. आडव्या लाटांत टाकीच्या एका कोपऱ्यात पाच लिटर पेट्रोल असतं आणि शोषनळी दुसऱ्या कोपऱ्यात कोरडी असते.)

हवेच्या गळतीची गंमत अशी की पेट्रोल बाहेर थेंबभरही सांडत नाही. टाकीपासून मशीनपर्यंतचा रस्ता ओढीचा आहे, ढकलण्याचा नाही. त्यामुळे फटीतून पेट्रोल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते. "कुठे ओलं नाही म्हणजे गळती नाही" हे इथे चालत नाही. नळी सुकी असून वास येत असेल तर तिथे थांबा.

पहिला संशय दोन्ही टोकांच्या झटपट जोडायच्या कनेक्टरांवर. त्यांच्या आतली रबरी कडी, ओ-रिंग, दर हंगामात मिठाने आणि उन्हाने कडक होते. कनेक्टर बसल्याचा 'टक' आवाज येतो, पण बोटाने हलवलं की हलतो. आता मशीन चालू असताना तो बाजूने दाबून धरा. आवाज सुधारला तर दोष तिथेच. दुसरा संशय बल्बच्या दोन्ही बाजूंच्या पकडींवर. प्लास्टिकची पट्टी आवळून काम भागत नाही, स्टेनलेसचे क्लॅम्पच हवेत. तिसरा खुद्द बल्ब: आतली झडप थकली की दाबलेलं पेट्रोल परत टाकीत जातं. बल्ब उभा धरून, बाण वर ठेवून दाबून बघा. उभा धरल्यावर भरतो आणि आडवा ठेवल्यावर नाही, तर झडपा गेल्या. स्वस्तातला बल्ब एका पावसाळ्यात जातो, यावर माझा ठाम विश्वास आहे. इथे दोनशे रुपये वाचवून हंगाम घालवण्यात अर्थ नाही.

तरीही सापडत नसेल तर बल्ब आणि मशीन यांच्या मध्ये हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडा आणि थ्रॉटल उघडून धावा. एकसंध पेट्रोल दिसलं तर हवा नाही. बुडबुड्यांची माळ दिसली तर तीच पारदर्शक नळी बल्ब आणि टाकी यांच्या मध्ये, मग टाकीच्या कनेक्टरजवळ, असं एकेक सांधा मागे जात शोधा. ही नळी चाचणीपुरतीच. उन्हात आणि पेट्रोलमध्ये ती कडक होऊन तडकते, कायमची ठेवू नका.

बल्ब लगेच टणक होणारा

म्हणजे पेट्रोल मशीनच्या दारापर्यंत पोचतंय. आता एकाला बल्बवर बसवा. मशीन सुरू करा, धावा, आणि आवाज बसायला लागला की त्याने बल्ब तालात दाबत राहायचं. दाबल्यावर मशीन सावरलं, सोडलं की पुन्हा बसलं, तर मशीनवरचा पेट्रोल पंप दमलाय. त्याच्या आत पातळ पडदा असतो, दोन-स्ट्रोकमध्ये तो क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनच्या दांड्याभोवतीच्या बंद कप्प्याच्या, दाबाच्या चढउतारावर हलतो. पडद्याला सुईएवढं भोक पडलं किंवा तो ताठ झाला की मंद चालीला पुरतो, धावताना नाही. दुरुस्तीचा संच फार महाग नसतो, आणि पाना धरता येणाऱ्याला एका दुपारचं काम. याच खुणेवर घरापर्यंत येताही येतं. बल्ब दाबत दाबत लोक धक्क्याला लागलेत.

दाबूनही काही फरक पडला नाही तर कार्बोरेटर, पाणी किंवा ठिणगी. कार्बोरेटर साफ करणं या यादीत इतक्या खाली आहे, हे मुद्दाम नोंदवतो.

ठिणगीचा एक दोष पेट्रोलच्या दोषासारखाच वागतो, म्हणून त्याच्याबद्दल थोडं जास्त. इग्निशन कॉइल किंवा तिच्यामागचा इलेक्ट्रॉनिक डबा तापला की ठिणगी देणं सोडतो आणि निवला की पुन्हा देतो. वीस मिनिटं चाललं, मेलं, पंधरा मिनिटांनी सुरू झालं. हवेचा स्क्रू बंद असतानाही अगदी हेच होतं, कारण थांबल्यावर कुठून तरी हवा शिरून निर्वात ओसरतो. दोन्ही रोग विश्रांतीने बरे होतात! फरक करायचा तो असा: झाकण उघडून लगेच सुरू झालं तर हवा. काहीही केलं तरी लगेच नाही, नुसतं थांबल्यावरच, तर कॉइल. मशीन गरम असतानाच ठिणगी तपासायची, त्यासाठी बंद काचेचा छोटा टेस्टर मिळतो. प्लग काढून ब्लॉकला टेकवून ठिणगी बघायची पद्धत बोटीत नको. आजूबाजूला पेट्रोलची वाफ असते.

एका क्षणात मेलं असेल तर आधी मनगटाच्या दोरीची लाल क्लिप बघा, ती निघाली की मशीन बंद होतं. मासा लागल्यावर धावाधावीत ती अर्धवट निघते. मग बॅटरीच्या टोकांवरची हिरवी बुरशी, मग मुख्य फ्यूज.

पाणी आणि इथेनॉल

हल्ली काहीही झालं की इथेनॉलला शिव्या घालायची पद्धत पडलीय. त्यात तथ्य आहे, पण लोक समजतात तिथे नाही.

आपल्या पंपांवर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आणि २०२५ पर्यंत ते देशभर झालं. बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिका मात्र १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. याचा सर्वांत लवकर दिसणारा परिणाम जुन्या रबरावर होतो: नळ्या, ओ-रिंगा, पंपाचे पडदे. वर सांगितलेले अर्धे दोष इथूनच सुरू होतात.

दुसरा परिणाम पाण्याचा. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी विरघळवून घेतं, म्हणजे वीस लिटरमध्ये शंभर मिलिलिटर. २० टक्क्यांचं त्याहून जास्त घेतं. तेवढ्यापर्यंत ते जळून जातं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. मर्यादा ओलांडली, किंवा रात्री तापमान उतरल्यामुळे मर्यादाच खाली आली, की पाणी आणि इथेनॉल हातात हात घालून तळाशी बसतात आणि वर कमी ऑक्टेनचं पेट्रोल उरतं. वीस लिटर टाकीत इथेनॉलच चार लिटर आहे. त्यामुळे तळाचा थर पेलाभर नसतो, काही लिटरांचा असू शकतो, आणि शोषनळीचं टोक नेमकं त्याच थरात असतं. मशीन तो थर ओढतं आणि बंद पडतं.

पाणी थोडंच असेल तर लक्षण वेगळं असतं. ते शोषनळीच्या टोकाच्या खाली, टाकीच्या तळाला गप्प पडून राहतं. खाडीत काही होत नाही. बाहेर लाटांत टाकी घुसळली जाते, पाण्याचे थेंब वर येतात, एक उचकी, दोन उचक्या. "खाडीत चालतं, समुद्रात चालत नाही" यातला मोठा वाटा या घुसळण्याचा आहे.

तपासायचं कसं? टाकी रात्रभर थोडी तिरकी ठेवा. हातपंपाने अगदी तळाच्या कोपऱ्यातून अर्धा लिटर स्वच्छ काचेच्या बाटलीत काढा आणि अर्धा तास हलवू नका. मध्ये रेषा दिसली, खाली वेगळा थर दिसला, तर ती टाकी रिकामी करायची. नवं पेट्रोल मिसळून, औषधाची बाटली ओतून ते परत पहिल्यासारखं होत नाही. दुकानदार काहीही सांगो. वरचं पेट्रोलही आउटबोर्डला नको. आणि ते समुद्रात ओतू नका, बंद डब्यात घालून बाजूला ठेवा.

पाणी येतं कुठून? लोक हवेतल्या दमटपणाला दोष देतात. महिनोन्महिने उघड्या स्क्रूने पडलेल्या टाकीत तो लागू असतो खरा, पण हंगामात मुख्य वाट झाकणाभोवतीची खाच. तिच्यात तुषारांचं पाणी साचतं, आणि झाकण फिरवल्याबरोबर आत जातं. झाकण उघडण्यापूर्वी कोरड्या फडक्याने पुसायचं, एवढंच. बोटीत कायमची जागा असेल तर टाकी आणि बल्बच्या मध्ये पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर बसवा, खाली पारदर्शक वाटी असलेला. तो थेंब अडवतो. पूर्ण विलग झालेली टाकी तो वाचवू शकत नाही. काही चार-स्ट्रोक मशीनच्या आतल्या फिल्टरच्या वाटीत लाल कडी असते, ती तळाला असायला हवी. वर तरंगताना दिसली तर खाली पाणी आहे.

ट्रोलिंग करताना मरणारं आणि थांबल्यावर सुरू न होणारं

ही दोन भावंडं वेगळी आहेत, पण लोक त्यांना वरच्या रोगात मिसळतात.

सुरमईसाठी लुअर, म्हणजे नकली आमिष, मागे सोडून तास-दोन तास मंद चालीने फिरलं की दोन-स्ट्रोक मशीन गुदमरतं. प्लगवर तेल आणि काजळी चढते. त्यात आपल्याकडे "थोडं जास्त तेल घातलेलं बरं" ही सवय. पुस्तिकेत पेट्रोल-तेलाचं प्रमाण ५०:१ असेल तर लिटरला २० मिलिलिटर, वीस लिटरला ४०० मिलिलिटर. मोजून घाला, बाटलीच्या झाकणाने अंदाजाने नको. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोर आत घेऊन मिनिट-दोन मिनिटं जोरात पळवा, प्लग स्वतःला जाळून साफ करतो. जोडीला नवे प्लग आणि प्लगपाना बोटीत हवेतच.

जिगिंगचं, म्हणजे एका जागी थांबून आमिष खाली-वर करत गरवण्याचं, वेगळं. गरम मशीन बंद करून तांबोशाच्या नादात अर्धा तास थांबलात, वर ऑक्टोबरचं ऊन, कव्हरखालच्या नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. दोरी ओढली तर पंप वाफ ओढत बसतो. बल्ब टणक होईपर्यंत दाबा, थ्रॉटल थोडा पुढे, चोक अजिबात नको. उलट चोक ओढून पेट्रोलचा उग्र वास यायला लागला असेल तर मशीन ओलं झालंय. चोक बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, पाच-सहा वेळा ओढा, आणि सुरू झाल्याबरोबर थ्रॉटल खाली आणा. टाकी आणि नळी सावलीत ठेवली तर हा त्रास निम्मा होतो. ओलं गोणपाट पुरतं, फक्त हवेचा स्क्रू त्याखाली दडपू नका.

थंड करणाऱ्या पाण्याची धार थांबली, भोंगा वाजला, वेग आपोआप पडला, तर ते या लेखातलं दुखणं नाही. पाणी ओढणाऱ्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी आहे का बघा, नसेल तर पाण्याच्या पंपाचं रबरी चक्र गेलं. आवाज चढतो पण बोट पुढे जात नाही, तेव्हा पंख्याच्या आतलं रबर सुटलेलं असतं. जाता जाता एक: पंखा आणि गिअर यांच्या मध्ये दांड्याला गुंडाळलेली गरवायची विणलेली दोरी गिअरच्या सीलला कापते. हंगामात दोन-तीनदा पंखा काढून बघा. गिअरचं तेल दुधासारखं झालं असेल तर पाणी आधीच आत गेलंय.

एक सोपी अदलाबदल

एवढं सगळं करायचा कंटाळा असेल तर शेजारच्या बोटवाल्याची चालू असलेली टाकी, नळी आणि बल्ब, पूर्ण संच मागून घ्या. कनेक्टर जुळायला हवा, आणि दोन-स्ट्रोकला चार-स्ट्रोकचं पेट्रोल चुकूनही नको. त्यात तेल नसतं, मशीन जॅम होईल. त्या संचावर, रिकाम्या नव्हे तर नेहमीच्या भाराच्या बोटीने, नेहमीच्या वेगाने तासभर पळवा. मशीन मेलं नाही तर त्याला हात लावायची गरज नाही. मेलं तर मात्र मेकॅनिककडे जा, आणि जाताना नुसतं मशीन नेऊ नका. आपली टाकी आणि नळीही न्या. त्याला हे सांगा: किती वेळाने मरतं, कसं मरतं, बल्ब तेव्हा कसा असतो, दुसऱ्या टाकीवर काय झालं. नुसतं "बंद पडतं" म्हणालात तर तो कार्बोरेटरच साफ करणार, त्याचं तरी काय चुकलं?

स्वतःच्या बोटीत पाच लिटरची जास्तीची छोटी टाकी, तिची स्वतःची नळी आणि बल्ब कायम जोडून ठेवलेलं असेल तर ही चाचणी समुद्रातच दोन मिनिटांत होते आणि त्याच टाकीवर घरीही येता येतं. सुट्या भागांची भली मोठी पेटी बाळगण्यापेक्षा मला हेच पसंत आहे. वल्ही मात्र हवीतच.

पावसाळ्यात ठेवताना

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, आणि तसाही त्या दिवसांत शहाणा माणूस छोटी बोट बाहेर काढत नाही. बोट वर ओढून झापांनी शाकारली जाते, टाकी मात्र पडवीत अर्धी भरलेली तशीच राहते. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच फेरीत मशीन का मरतं, याचं उत्तर त्या टाकीत आहे. मे अखेरीला टाकी पूर्ण रिकामी करून ते पेट्रोल त्याच आठवड्यात वापरून टाका, मात्र तेल मिसळलेलं चार-स्ट्रोक गाडीत नको. टाकी उन्हात वाळवून झाकण लावा. गोड्या पाण्यावर मशीन चालवून मीठ धुवा, शेवटी नळी काढून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, आणि कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू उघडून उरलेलं काढा. कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या मशीनला हे सुक्यावर चालवणं करू नका, त्याच्या पुस्तिकेत वेगळी रीत दिलेली असते. ऑगस्टमध्ये नवी ओ-रिंग, नवं पेट्रोल, आणि पहिली फेरी धक्क्याच्या नजरेच्या टप्प्यात, पूर्ण थ्रॉटलवर, गरी न घेता.

आणि समुद्रात काहीच जमलं नाही, नांगर धरत नाही, वारा चढतोय, तर मशीनशी झगडत उजेड घालवू नका. मोबाइलची रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ किंवा सागरी पोलिसांचा १०९३ हा क्रमांक लावा, व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६. आपली जागा अक्षांश-रेखांशात सांगता यावी म्हणून ती स्क्रीन निघण्याआधीच उघडून बघून ठेवा. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, खिशात नको.